सहीपुरती

परिशिष्टात माझं नाव होतं. आडनावातला एक ‘एच’ गळालेला, पण नाव माझंच.

रविवारची दुपार होती. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि तोवर हातात फोन होता, एवढंच निमित्त. मी कॅलिफोर्नियात जिथे गणित शिकवते त्या दोन कम्युनिटी कॉलेजांपैकी, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांपैकी, एकाने पुढच्या अ‍ॅक्रेडिटेशनसाठीच्या स्वयंमूल्यांकन अहवालाचा मसुदा सगळ्यांना पाठवला होता. अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे कॉलेज तपासून देतात ती मान्यता. असल्या मेल मी उघडत नाही. ही उघडली कारण अंगठा चुकून लागला. पहिल्याच भागात लिहिलं होतं की हा अहवाल शिक्षकांच्या व्यापक सहभागातून तयार झाला आहे. वाक्याला पुराव्याचा दुवा जोडलेला. दुव्यामागे हजेरीचा स्कॅन केलेला कागद, त्यावरून टाइप केलेली चाळीसेक नावांची यादी, आणि यादीत मी.

ती बैठक मला आठवत होती. खरं सांगायचं तर बैठकीतलं सँडविच आठवत होतं. दोन तासांच्या मध्ये मला पाऊण तासाची फट असते, आणि पार्ट-टाइम शिक्षकांची जी एक सामायिक खोली आहे तिथे त्या दिवशी प्रिंटर दुरुस्त करायला माणूस आला होता. बाहेर पाऊस. समोरच्या हॉलमध्ये हीटर चालू होता, दारापाशी टेबल, टेबलावर हजेरीचा कागद. सही केली, भाजलेल्या वांग्याचं सँडविच उचललं आणि मागच्या रांगेत बसून वीस मिनिटं क्विझ तपासल्या. पडद्यावर एक गोल होता. गोलातून बाण निघत होते आणि फिरून त्याच गोलात शिरत होते. तेवढं पाहिलं आणि तासाला निघून गेले.

म्हणजे खोटं काहीच नव्हतं. मी गेले होते, सही माझीच होती. तरी ते नाव दातात अडकलेल्या शेपूच्या काडीसारखं दुपारभर जिभेला लागत राहिलं.

कारण असल्या सह्या मी आधी केल्या आहेत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सीएचबीवर शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि तेही वर्ष संपल्यावर. त्या वर्षी कॉलेजात नॅक, म्हणजे कॉलेजं तपासून ग्रेड देणारी संस्था, येणार होती. ‘येणार’ हे क्रियापद मी पहिल्यांदा तिथेच एखाद्या संस्थेसाठी ऐकलं, जसं पाऊस येणार, पाहुणे येणार. महिनाभर कॉलेजाला लग्नघराची कळा होती. भिंतींना चुना, जिन्यांना फिनेल, प्रयोगशाळेतल्या मुदत संपलेल्या बाटल्या रातोरात माळ्यावर. शहरातल्या नर्सरीतून चार दिवसांच्या बोलीवर कुंड्या आणल्या होत्या आणि त्या परत द्यायच्या असल्यामुळे शिपाईमामा विद्यार्थ्यांना त्यांच्या जवळून जाऊ देत नव्हते. नॅकच्या सात क्रायटेरियांच्या, म्हणजे निकषांच्या, सात खोल्या. “तुमच्याकडे कोणता?” “माझ्याकडे दोन.” “अरे बापरे, दोन फार वाईट.” स्टाफरूममध्ये असंच बोलणं चालायचं, एखाद्या दुखण्याबद्दल बोलावं तसं.

एका संध्याकाळी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. टेबलावर रजिस्टर. म्हणाले, “मॅडम, या विभागाच्या मीटिंगा. अकरा आहेत. जरा सह्या करून टाका.” मीटिंगा गेल्या तीन वर्षांच्या होत्या. मी रुजू होऊन दीडच वर्ष झालं होतं, म्हणून पहिल्या पाचांतून मला सूट मिळाली. सरांनी शर्टाच्या खिशातून चार पेनं काढून ओळीने मांडली. “दर दोन पानांनी पेन बदला हं. निळं, काळं, मग हे जेलचं. मधे एकदा शाईचंही घ्या.” हे ते इतक्या मायेने म्हणाले की मला हसूच आलं. आजही त्यांच्याबद्दल मनात कडू काही नाही. ते स्वतः रात्री दहापर्यंत थांबायचे, सगळ्यांसाठी पोहे मागवायचे, आणि बीपीची गोळी सगळ्यांदेखत घ्यायचे. एका कार्यवृत्तात लिहिलं होतं की शिक्षकांनी मूल्यमापनाच्या पद्धतीत सुधारणा सुचवल्या. त्याखाली मी काळ्या पेनाने सही केली. मी काय सुचवलं होतं? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अपूर्णांकांचा भागाकार येत नाही, एवढं एकदा पाणी पिताना कुणाला तरी म्हटलं होतं. ते कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. नॅकच्या पिअर टीमने मला एकच प्रश्न विचारला, इथे तुम्ही समाधानी आहात का? मी हो म्हटलं. ग्रेड चांगली आली, फटाके वाजले, घरी नेण्यासाठी पेढ्यांचा पुडा मिळाला.

माझे आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते, व्हर्नाक्युलर फायनल झालेले. त्यांच्या वेळी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचा. ते सांगायचे, दिपोटी आला की आधी पाणी, मग जेवण, मग वामकुक्षी, मग रजिस्टर, आणि एसटीला वेळ उरलाच तर पोरं. आजीला हा क्रम पाठ होता, कारण जेवण तिच्याकडे असायचं.

दिपोट्यालाही कुणी तपासू शकतं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नसावं. माझ्या डोक्यात आलं ते २०१३ साली, सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तेही शिक्षिका म्हणून नाही.

नवऱ्याचा एच-वन व्हिसा होता, माझा त्याच्यामागून येणारा एच-फोर, म्हणजे काम करायला मनाई. डेली सिटीत भाड्याचं घर होतं आणि त्या भागातलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना एवढंच सांगणं पुरे आहे. कपडे वाळत नाहीत, माणूसही वाळत नाही. बार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, एक स्टेशन गेलं की बाल्बोआ पार्क, आणि तिथून चालत सिटी कॉलेज. तिथे इंग्रजीचा फुकट वर्ग होता, म्हणून गेले. एमएस्सी झालेली बाई ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगवेगळे म्हणायला शिकत होती. शेजारी एक चिनी आजी, पलीकडे साल्वादोरचा एक सुतार, मागे कोपऱ्यावरच्या दुकानात काम करणारा येमेनी मुलगा. वर्ग सुटल्यावर मी कधी कधी नाट्यगृहाच्या लॉबीत जायचे. तिथे डिएगो रिव्हेराचं मोठं भित्तिचित्र होतं, १९४० मध्ये ट्रेझर आयलंडवरच्या प्रदर्शनासाठी काढलेलं, ७४ फूट लांब. लॉबी इतकी अरुंद की मागे सरकून अख्खं चित्र बघायला जागाच नव्हती. मान वळवत तुकड्यातुकड्यानेच बघावं लागायचं.

त्याच जुलैत बातमी आली होती की या कॉलेजाचं अ‍ॅक्रेडिटेशन ३१ जुलै २०१४ पासून रद्द होणार. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना तपासणाऱ्या आयोगाने, इथले लोक ज्याला एसीसीजेसी म्हणतात त्याने, तसं जाहीर केलं होतं. वर्षभर आधी ‘कारणे दाखवा’ नोटीस झाली होती. तेव्हा तिथे ऐंशी हजारांहून जास्त माणसं शिकत होती. आमच्या वर्गात कुणालाच प्रमाणपत्राची पर्वा नव्हती, पण पदवीसाठी क्रेडिट जमवणाऱ्यांचं तसं नव्हतं. अ‍ॅक्रेडिटेशन गेलं की केंद्राची आर्थिक मदत जाते आणि इथे मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे कुणी धरत नाही. म्हणजे कॉलेज बंदच. हे नुसतं घाबरवणं नव्हतं. दक्षिणेत कॉम्प्टन कॉलेजाचं अ‍ॅक्रेडिटेशन २००६ मध्ये खरोखरच गेलं होतं. ते शेजारच्या एल कमिनो कॉलेजाचं केंद्र होऊन राहिलं, आणि स्वतःच्या नावाने पुन्हा उभं राहायला त्याला २०१७ उजाडलं. चिनी आजी दर मंगळवारी वर्गात शिरताना विचारायच्या, “स्कूल क्लोज?” आमच्या बाई म्हणायच्या, “नॉट टुडे.”

आयोगाचं सगळंच चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. गंगाजळी तुटपुंजी होती. मंदीच्या वर्षांत राज्याने पैसे कापले तेव्हा कॉलेजाने वर्ग आणि माणसं वाचवली, आणि हिशेब मागच्या खोलीत ढकलला. कारभारात विभागप्रमुखांचा शब्द फार चालतो, असाही आक्षेप होता. म्हणजे शिक्षकांचा सहभाग जास्त झाला! हे वाचून मला आमच्या सरांची चार पेनं आठवली होती.

पण पुढे जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या संघटनांनी २०१३ च्या एप्रिलमध्येच, निर्णय यायच्या आधी, केंद्राच्या शिक्षण खात्याकडे आयोगाविरुद्ध तक्रार केली होती. अडीचशेहून जास्त पानांची. आयुष्यभर ज्यांनी स्वतःचे अहवाल लिहिले त्यांनी तपासनिसाचा अहवाल लिहिला, कलमं लावून, पुरावे जोडून, अगदी त्याच्याच पद्धतीने. ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याचं उत्तर आलं. २०१२ च्या तपासणी पथकात आयोगाच्या अध्यक्षबाईंचे यजमान होते, यात हितसंबंधांचा संघर्ष दिसतो, आणि पथकांत शिकवणारी माणसं पुरेशी नाहीत. तपासायला येणाऱ्यांत बहुतेक प्रशासक. वर्गात उभं राहणारे हाताच्या बोटांवर. त्याच महिन्यात शहराचे वकील डेनिस हेरेरा कोर्टात गेले. २ जानेवारी २०१४ ला न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी अ‍ॅक्रेडिटेशन रद्द करायला मनाई केली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला आणि आमच्याकडून दहा वेळा म्हणून घेतला. इन्जंक्शन, म्हणजे मनाई हुकूम. चिनी आजींच्या तोंडात तो ‘इन्जेक्शन’ व्हायचा आणि बाई म्हणायच्या, चालेल, अर्थ तोच आहे.

नंतरचं मी वाचून जाणते. २०१४ च्या जूनमध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी आकडे मांडले. आधीच्या पाच वर्षांत या आयोगाने इथल्या कॉलेजांवर काही ना काही कारवाई करण्याचं प्रमाण साधारण ५३ टक्के, आणि देशातल्या बाकीच्या सहा आयोगांचं मिळून १२ च्या आसपास. कॅलिफोर्नियाची कॉलेजंच एवढी बिघडली होती, का दिपोटीच जास्त उपाशी होता, हे ज्याने त्याने ठरवावं. २०१५ मध्ये कोर्टाने आयोगाने कायदा मोडल्याचा निकाल दिला. त्यात पथकावर पुरेसे शिक्षक नसणं हाही एक मुद्दा होता. त्याच वर्षी राज्याच्या चॅन्सेलरने नेमलेल्या गटाने, ज्यात शिक्षकांच्या सिनेटची, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधी मंडळाची, माणसं होती, सरळ लिहिलं की या आयोगावर आमचा विश्वास उरलेला नाही. आयोग बंद मात्र झाला नाही. अध्यक्ष बदलले, पद्धत बदलली, मानकं नव्याने लिहिली गेली. आता पथक आधी दुरून अहवाल वाचतं, प्रश्न पाठवतं, आणि मग तेवढ्या प्रश्नांपुरतंच भेटायला येतं. कुंड्या भाड्याने आणायला वाव तसा कमी. सिटी कॉलेजाला २०१७ च्या जानेवारीत सात वर्षांचं अ‍ॅक्रेडिटेशन मिळालं. तोवर हजारो विद्यार्थी दुसरीकडे गेले होते. चिनी आजींचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

२०१५ मध्ये एच-फोरवाल्यांपैकी काहींना काम करायची मुभा मिळाली. माझी पुणे विद्यापीठाची पदवी इथल्या एका संस्थेकडून तोलून घ्यावी लागली. मग मी शिकवायला लागले, पार्ट-टाइम. इथे एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या एका स्थानिक संस्थेत, पार्ट-टाइम शिक्षकाला पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांच्या वर काम देता येत नाही, म्हणून पोट भरायला दोन-तीन डिस्ट्रिक्ट धरावे लागतात. आम्हाला ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. माझं ऑफिस म्हणजे टोयोटाची डिकी. तीत तीन रंगांच्या तीन पिशव्या, मार्करचा डबा आणि जास्तीची चप्पल. सीएचबीच्या काळात एसटी होती, आता आठशे ऐंशी नंबरचा फ्रीवे आहे. एसटीत निदान डुलकी लागायची.

रुजू झाल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला ‘टेन प्लस वन’ समजावून सांगितलं होतं. १९८८ मध्ये राज्याने कायदा केला. त्यातून नियम आले की अमुक दहा आणि एक बाबतींत कॉलेजाने शिक्षकांच्या सिनेटला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. अभ्यासक्रम, पदव्यांच्या अटी, गुणदान वगैरे. यादीत सातवं काय आहे, तर अ‍ॅक्रेडिटेशनमधला शिक्षकांचा सहभाग, स्वयंमूल्यांकनासकट. हे सांगताना तो गृहस्थ टेबलावर बोट आपटत होता. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही. आमच्याकडे असं सातवं कलम असतं तर?

रविवारी यादीत स्वतःचं नाव बघताना लक्षात आलं की तो हजेरीचा कागद त्या सातव्या कलमासाठीच ठेवलेला असतो. सहभाग हा हक्क आहे, मग सहभाग झाल्याचा पुरावा हवा, मग दारात टेबल हवं, आणि उपाशी माणसं यावीत म्हणून सँडविच. कुणी फसवत नव्हतं. कुणी मला पेन बदलायला सांगितलं नव्हतं. मीच एका पेनाने सही करून क्विझ तपासत बसले होते.

आणि मी सगळाच दोष कागदाला देऊ शकत नाही, याचंही एक कारण आहे. दर सत्राच्या शेवटी आम्हाला ‘स्लो’चे, म्हणजे एसएलओचे, ‘स्टुडंट लर्निंग आउटकम्स’चे तक्ते भरावे लागतात. विद्यार्थी काय शिकले ते रकान्यांत मांडायचं. त्याला ‘स्लो’ म्हणतात हे किती बरोबर आहे, असा विनोद प्रत्येक विभागात एकदा होतोच. शिक्षकाचं स्वतःचं मूल्यमापन करतानाही हे तक्ते बघावेत असं एक कलम मानकांत होतं. शिक्षकांनी वर्षानुवर्षं भांडून ते काढायला लावलं, आणि ते निघालं हे चांगलंच झालं. पण एका डिसेंबरात, कंटाळून, रात्री अकरा वाजता तक्ता भरताना मला दिसलं की संध्याकाळच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांचा टक्केवारीचा एकच प्रश्न चुकला आहे. इतर टक्केवारी बरोबर होती. प्रश्न घराच्या ‘डाउन पेमेंट’चा होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकाला वाटलं होतं की डाउन म्हणजे वजा करायचे पैसे. गणित येत होतं, शब्द माहीत नव्हता. तक्ता भरावा लागला नसता तर मी पेपर गठ्ठ्यात बांधून मोकळी झाले असते. हे मी विभागात कुणाला सांगितलं नाही. तक्त्यांच्या बाजूने बोलल्यासारखं झालं असतं.

सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून मी अहवालाच्या समन्वयिकेला मेल लिहिली. तीही शिक्षिकाच आहे, समाजशास्त्राची. या कामासाठी तिला एका तासिकेची सूट मिळाली आहे आणि ती काम चार तासिकांचं करते. लिहिलं, माझ्या नावातला एक ‘एच’ राहिलाय, आणि तसंही त्या बैठकीत मी काहीच केलं नाही, नाव काढलंस तरी चालेल. दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘एच’बद्दल माफी. नाव काढत नाही. शिक्षकवर्गावरचा भाग कुणा पार्ट-टाइम माणसाने अजून वाचलेला नाही, वाचशील का? शुक्रवारी दोन ते चार. पैसे मिळणार नाहीत, मी मागितले होते, नाही म्हणाले.

नाही म्हणायला माझ्याकडे चांगली कारणं होती. शुक्रवारी चारनंतर आठशे ऐंशीवर निघणं म्हणजे घरी साडेसहा. तास न घेता फुकट बसणं हे सीएचबीत पुष्कळ झालंय. शिवाय सुधारणांच्या या सगळ्या गोष्टीत ज्यांना ‘शिक्षक’ म्हणतात ते बहुतेक पूर्ण वेळेचे. तपासणीच्या पथकात एखादा फ्रीवे फ्लायर मी तरी अजून पाहिलेला नाही. मी हो म्हटलं ते कशामुळे, मला नीट सांगता येणार नाही. ‘नाही म्हणाले’ हे तिने लपवलं नाही, त्यामुळे असेल.

तोच हॉल, हीटर बंद, सँडविच नाही. आम्ही दोघीच, आणि मधे सव्वीस पानं. तिने थर्मासमधला चहा दिला, बिनदुधाचा. पार्ट-टाइम शिक्षकांवर दोन परिच्छेद होते, त्यांत आम्हाला सर्व सोयी उपलब्ध असल्याचं लिहिलं होतं. मी प्रिंटरवाल्या खोलीबद्दल सांगितलं, डिकीबद्दल सांगितलं. ती लिहून घेत होती. मग मी पहिल्या भागातल्या त्या वाक्यावर आले आणि विचारलं, या चाळीस जणांपैकी एखादी तरी ओळ कुणाकुणाची आहे?

तिने यादीवरून पेन्सिल फिरवली. ओठांत मोजलं, परत मोजलं.

“नऊ,” ती म्हणाली. “मी धरून.”

“मग नऊ लिही.”

“नऊ लिहिलं तर पथक विचारेल, बाकीचे कुठे होते?”

“फ्रीवेवर.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ‘व्यापक’भोवती तिने पेन्सिलीने गोल केला, समासात ‘फ्रीवे’ लिहिलं, आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. मग दारापाशी गेली आणि हजेरीचा कागद घेऊन आली, कारण चार वाजत आले होते आणि त्या दिवशीची सही दोघींचीही राहिली होती.